फिरतीवरचा पाणघोडा

माझ्याकडे काम नसतं तेव्हा आमचं घर चकचकीत असतं. डब्यांची झाकणं डब्यांनाच बसतात, खिडकीच्या काचेतून पलीकडचं दिसतं आणि नवऱ्याचे मोजे जोडीनं सापडतात. घरात आलेल्या माणसाला वाटतं, काय टापटीप बाई आहे! खरं तर ती बाई घाबरलेली असते. तिची सगळ्या पेन्सिलींना टोकं काढून झालेली असतात आणि नवऱ्याच्या फोनवरून स्वतःच्या फोनला रिंग देऊन तो चालू आहे ना, हेही पाहून झालेलं असतं.

काम असतं तेव्हाचं मात्र विचारू नका. जेवणाच्या टेबलावर चित्रं वाळत असतात, म्हणून आम्ही पायऱ्यांवर बसून जेवतो. नवरा एकदा एक पाय निळ्या आणि एक तपकिरी मोज्यात घालून शाळेत गेला. तो भूगोल शिकवतो. मुलांनी विचारलं तर त्यांना म्हणाला, एक समुद्र आहे आणि एक जमीन. आपल्या घरात दोनच ऋतू, ओला आणि कोरडा, मधलं काही नाहीच, असं तो नेहमी म्हणतो आणि हसतो. त्याच्या हसण्याचा मला कधीकधी राग येतो, कारण त्याचा पगार बाराही महिने वेळेवर येतो.

मी लहान मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढते. नोकरी नाही, घरीच, खिडकीपाशी माझं टेबल. शाळा सुरू व्हायच्या आधी पुस्तकं दुकानात पोचायला हवीत, म्हणून सगळ्या प्रकाशकांना एकदम जाग येते आणि सगळे एकदम माझ्याकडे येतात. नंतर सगळे एकदम झोपतात. यात त्यांचा दोष निम्मा आणि माझा निम्मा, कारण माझ्या तोंडाला एक खोड आहे. कुणी काम विचारलं की माझ्या तोंडून ‘हो’ जातं. डोकं मागाहून पोचतं. कोरड्या दिवसांत पोटात बसलेली धास्ती ओल्या दिवसांतही उतरत नाही. वाटतं, आज नाही म्हटलं तर हा माणूस पुन्हा फिरकायचा नाही, त्याच्या शेजाऱ्यालाही सांगेल आणि मग मी आहेच, झाकणं डब्यांना बसवत.

आमच्या थोरल्या नणंदबाईंना हे बघवेना. त्या खोके, वेष्टनं बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत आहेत. बिस्किटांचे पुडे, साबणाच्या वड्या, औषधांच्या बाटल्या, सगळ्यांचे कपडे त्यांच्याकडेच शिवले जातात म्हणा ना. तिथे एका चित्रकाराची जागा रिकामी झाली. ताईंनी साहेबांच्या कानावर माझं नाव घातलं आणि मला येऊन सांगितलं, “टेबल, खुर्ची, ठरलेला पगार, ठरलेली सुट्टी. पाच वाजले की पर्स उचलायची आणि घरी. आणखी काय पाहिजे माणसाला?”

नोकरीचा मला तिटकारा नाही. पण बिस्किटावर चमक काढत जन्म घालवायचा, या कल्पनेनंच माझा जीव गुदमरला. मला अस्वलं काढायची असतात, रुसलेली, झोपाळू, खादाड. एकदा पुस्तकाच्या दुकानात एक एवढीशी मुलगी माझ्या अस्वलाच्या नाकावर बोट दाबत होती. दाबायची आणि खुदकन हसायची, पुन्हा दाबायची. मी कपाटाआड उभी राहून कितीतरी वेळ तिला पाहत होते. साबणाच्या वडीवर असं कोण बोट दाबणार?

हे मी ताईंना नीट सांगायला हवं होतं. पण मला नीट सांगता येत नाही, मला चटकन राग येतो. त्या म्हणाल्या, “अगं, हंगाम आला की तुझं भूत होतं आणि गेला की माझा भाऊ तुझी समजूत घालत बसतो.” हे माझ्या वर्मी लागलं. तो समजूत घालतो हे खरंच होतं, आणि कोरड्या महिन्यांत घर एकटा ओढताना तो चकार शब्द काढत नाही, हेही खरं होतं. मी फणकाऱ्यानं म्हणाले, “हा एक हंगाम बघा. शहाण्यासारखा निभावला नाही, झेपेल तेवढंच काम घेतलं नाही, तर मी मुकाट्यानं तुमच्या कंपनीत येते.”

“बघ हं. शब्द दिलायस,” ताई म्हणाल्या. त्यांनी साहेबांना थांबायला सांगितलं. साहेब थांबले. मी तोंडावर पडण्याचीच सगळे वाट बघतायत, असं मला उगाच वाटत राहिलं. नवरा मात्र या विषयावर गप्प. मी विचारलं, तुला काय वाटतं? तर म्हणाला, “तू ठरव.” इतका राग आला मला त्याचा!

हंगाम सुरू झाला तेव्हा माझ्या हातात दोन पुस्तकं होती. एक ढगांचं, ते सोपं. दुसरं आकड्यांचं, त्यात शेवटच्या पानावर शंभर बदकं, आणि प्रत्येक बदक वेगळं हवं असा प्रकाशकांचा हट्ट. एवढं मला नेमकं पुरणार होतं. मी खूश होते. वेळेवर जेवत होते, केस विंचरत होते. आणि मग संपादकबाईंचा फोन आला.

या बाई माझ्या सगळ्यात जुन्या आणि सगळ्यात आवडत्या. आवाज असा की समोरच्यानं उभं राहून बोलावं. म्हणाल्या, “पाणघोड्याची दाढ दुखतेय. छोटंसं पुस्तक आहे, मजेशीर. मला लगेच हवंय. करशील ना?”

“हो, करते ना!” माझं तोंड म्हणालं.

फोन ठेवला आणि कपाळावर हात मारला. बदकं माझ्याकडे बघत होती. बाईंना परत फोन करून नाही म्हणणं हा एक मार्ग होता, पण तो मला तेव्हा दिसलाच नाही, खोटं कशाला बोलू. मला दिसला मिशा.

मिशा हा माझा कॉलेजपासूनचा दोस्त. त्याला मिशा नाहीत. एके काळी होत्या, त्या गेल्या आणि नाव राहिलं. तोही माझ्यासारखाच, घरबशा चित्रकार, आणि महिनाभर माझ्यापाशी रडत होता की हातात काम नाही. मी त्याला कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात गाठलं. बाईंनी पाठवलेली गोष्ट दिली आणि मला पाणघोडा कसा वाटतोय ते एका कागदावर भराभर काढून दाखवलं. गुबगुबीत गाल, गालाभोवती डोक्यावर गाठ मारलेलं फडकं, डोळ्यांत पाणी.

“करशील ना रे? बाईंना मी सांगते, तू करतोयस म्हणून. पण आधी तुझा हात बसू दे.”

मिशानं क्षणभर चहाच्या पेल्यात बघितलं. “तुझ्यासाठी कायपण,” तो म्हणाला.

घरी येताना मी अक्षरशः तरंगत होते. काम वाटून देणारी बाई! एवढा शहाणपणा मी जन्मात केला नव्हता. संध्याकाळी ताईंना फोन करून मुद्दाम कानावर घातलं. “आलेलं जास्तीचं काम मी दुसऱ्याला दिलं बरं का.” त्या म्हणाल्या, “अरे वा, सुधारलीस की!” मग मी बदकांना बसले. टोपीतलं बदक, रुसलेलं बदक, दुसऱ्या बदकाच्या शेपटीला चिकटलेलं बदक. बाईंना मिशाचं सांगायचं राहिलं ते राहिलंच.

बदकं साठीच्या पुढे गेली असतील. दुपारची वेळ होती. दाराची बेल वाजली आणि ताई आत आल्या. घामाघूम, एका हातात पर्स, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकची पिशवी. आधी घरावरून नजर फिरवली. टेबल बऱ्यापैकी आवरलेलं होतं, माझे केस विंचरलेले होते. त्यांचा चेहरा खुलला.

“छान चाललंय की गं तुझं. म्हणूनच आले. तुझ्यासाठी एक काम आणलंय.”

“काम?”

“आमच्या कंपनीत तो टोपीवाला नाही का, चित्रकार? बाहेरचं एक काम त्याच्या गळ्यात पडलंय. आज कॅन्टीनमध्ये बिचारा डोकं धरून बसला होता. मी म्हटलं, आमची भावजय आहे, तिनं मागेच काम वाटून दिलंय, तिचे हात मोकळे आहेत. त्याच्यावर उपकार होतील आणि उद्या तू आमच्याकडे आलीसच, तर ओळख राहील. करशील ना?”

“हो, करते ना!”

बघा. ज्या बाईसमोर परीक्षा द्यायची, तिलाच मी हो म्हणून बसले, आणि काम काय आहे हे न विचारता.

ताईंनी खुर्ची ओढली, पाणी प्यायल्या. “लहान मुलांचं पुस्तक आहे. एक गेंडा असतो, त्याला सर्दी होते. गोष्ट मागाहून मिळेल, ती कुणाकडे तरी राहिलीय. पण चित्र कसं हवं त्याचा नमुना दिलाय त्यानं. अगदी अशीच रेष हवी म्हणतात. तुला जमेल का बघ, नाहीतर दोन दिवस सराव कर.”

त्यांनी पिशवीतून एक चुरगळलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. त्यावर चहाचे डाग होते, कुणीतरी लहान मुलानं एका कोपऱ्यात लाल खडूनं गिरगटलं होतं. मधोमध एक जाडजूड प्राणी, गालाभोवती मफलर गुंडाळलेला.

मी चष्मा वर सरकवला. दुसऱ्याचं चित्र समोर आलं की आम्हा लोकांच्या अंगात परीक्षक शिरतो. “हा गेंडा? मग शिंग कुठेय?”

“ते तू काढशील ना.”

“आणि हा मागचा पाय बघा. पाय आहे की उशी? घाईत काढलंय कुणीतरी. डोळे बरे आहेत, पण मान कशाला एवढी आखडलीय? ज्यानं काढलंय त्याला प्राणी बसलेला कधी दिसलेलाच नाही.”

“तू कर ना मग चांगलं,” ताई म्हणाल्या. त्यांना माझा तोरा आवडला असावा.

मी पेन्सिल उचलली आणि मागचा पाय दुरुस्त करायला लागले. दोन रेषा मारल्या असतील. हात असा सुरळीत चालला, जसा आपल्याच चपलेत पाय जातो. मी थबकले. पापण्यांकडे पाहिलं. मग गालाभोवतीच्या मफलरकडे. तो मफलर नव्हताच. त्याला डोक्यावर गाठ होती.

“ताई,” मी म्हणाले, “हा पाणघोडा आहे.”

“असेल. म्हणून काय झालं?”

“त्याला सर्दी नाही झालेली. त्याची दाढ दुखतेय. आणि हे चित्र माझं आहे.”

ताईंना काही कळेना. मी मिशाला फोन लावला आणि ताईंनाही ऐकू जाईल असा आवाज मोठा केला.

“मिशा, पाणघोडा कुठंवर आलाय?”

पलीकडून खाकरल्याचा आवाज. “अगं, त्याचं असं झालं... तू चहाच्या दुकानात आलीस ना, त्याच सकाळी मला दोन कामं आली होती.”

“मग तिथंच सांगायचं नाही का?”

“तुला नाही कसं म्हणणार? महिनाभर तुझं डोकं खाल्लं होतं मी. मग जुळ्यांच्या आईला दिलं. तिच्याकडे काम नाही असं कळलं होतं.”

जुळ्यांची आई म्हणजे आमच्यातलीच आणखी एक. तिला फोन लावला. मागून भांडी पडल्यासारखा आवाज येत होता. “पाणघोडा? छे गं, गेंडा होता तो! म्हणजे मला वाटलं गेंडा. गोष्ट वाचायला काढली आणि पोरांनी ती कुठंतरी दडवली, अजून शोधतेय. मला कुठं वेळ होता! पण मिशाला नाही म्हणायला जीभ रेटेना, किती प्रेमानं आणलं होतं त्यानं. मग टोपीवाल्याला दिलं. तो नोकरीतला माणूस, संध्याकाळी मोकळाच असणार म्हटलं.”

मी फोन खाली ठेवला. पुढचं ताईंनाच ठाऊक होतं. चार चित्रकार, चारही जण गळ्यापर्यंत बुडालेले, चौघांनीही तोंड भरून हो म्हटलं आणि चौघांनीही उपकार केल्याच्या आनंदात पाणघोडा पुढे ढकलला. आणि सगळी फिरती करून, जात बदलून, दुखणं बदलून तो मुक्कामाला आला माझ्याच टेबलावर. आणि इथंही त्याला हो मिळालं होतं!

आधी ताईंचा खांदा हलला. मग त्या इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. मीही हसले. पण हसता हसता त्यांनी पदर खाली घेतला आणि म्हणाल्या, “म्हणजे हंगाम काही निभला नाही हं तुझा.”

माझं हसू तिथंच विरलं. शब्द दिला होता. समोर अर्धी बदकं पांढरीच होती आणि मला एकदम त्या सगळ्यांची माया आली, शेपटीला चिकटलेल्या त्या आगाऊ बदकाचीसुद्धा. वाटलं, संपलं. आता बिस्किटं.

पण निदान बाईंना तरी खरं सांगायला हवं होतं. इतके दिवस त्या बिचाऱ्या पाणघोड्याची वाट बघत असतील. मी ताईंच्या समोरच फोन लावला आणि उभी राहूनच बोलले.

“बाई, माझं चुकलं. तुम्ही काम दिलंत तेव्हा माझ्याकडे जागाच नव्हती. मी हो म्हणायला नको होतं. ते चार घरं फिरून आलंय आणि अजून एकही चित्र झालेलं नाही. शाळा सुरू होईपर्यंत मला ते जमणार नाही.”

“बरं,” बाई म्हणाल्या. “मग त्यानंतर कर.”

“त्यानंतर?”

“अगं, मुलं शाळेत रुळली, शाळेतले दात तपासणारे डॉक्टर येऊन गेले, की मग हवंय मला ते पुस्तक. आत्ता घेऊन मी काय करू? कपाटातच ठेवणार होते.”

मला बसावं लागलं. शाळा सुरू झाल्यानंतरचे दिवस म्हणजे माझे झाकणांचे दिवस. पेन्सिलींना टोकं काढायचे दिवस! “पण तुम्ही लगेच म्हणाला होतात, बाई!”

“मी सगळ्यांनाच लगेच म्हणते. तुम्ही चित्रकार लोक, लगेच म्हटलं तर निदान वेळेवर तरी देता. आणि इतक्या वर्षांत तू एकदा तरी विचारलंस का, बाई, नक्की कधी हवंय? विचारलं असतंस तर सांगितलं नसतं का मी?” मग आवाज जरा खाली आला. “माझ्याकडे आणखीही दोन आहेत, बिनघाईची. घाबरत होते तुला सांगायला, तू लगेच हो म्हणतेस आणि मग तुझा आवाज रडका येतो. बदकं आटप आधी.”

बदकांच्या प्रकाशकांनाही मग मी धीर करून विचारलं, नक्की कधी हवंय? त्यांना खरंच लगेच हवी होती. ओरडलेच माझ्यावर. सगळ्यांच्याच बाबतीत थोडंच जमणार होतं! पण माझा जीव भांड्यात पडला होता. ओल्या ऋतूतलं एक काम उचलून कोरड्या ऋतूत ठेवता येतं, हे मला पहिल्यांदाच कळत होतं.

ताई हे सगळं ऐकत होत्या. त्यांचा स्वतःचा फोन दोनदा वाजून गेला होता. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्यांनी घेतला आणि “हो साहेब, येते ना रविवारी, हो, फाइल घरी घेऊन जाते,” असं म्हणून ठेवला. मग आमची नजरानजर झाली. टोपीवाला त्यांच्याच कंपनीतला होता, पाच वाजता पर्स उचलणारा.

“असं नको बघूस माझ्याकडे,” ताई म्हणाल्या. मग पर्स मांडीवर घेऊन सरळ बसल्या. “साहेब विचारतायत. आज काहीतरी सांगायला हवं. काय सांगू? शब्द दिलायस तू, पण मी तो धरून बसणार नाही. तूच सांग.”

माझं तोंड उघडलं. त्यातून काय बाहेर पडायचं हे इतक्या वर्षांचं ठरलेलं होतं, आणि समोर कोण, तर माझ्याचसाठी जागा धरून बसलेल्या, माझ्याचसाठी उन्हातून आलेल्या ताई. मी तोंड मिटलं. डोकं पोचेपर्यंत थांबले.

“नाही, ताई. मी नाही येणार.”

किती उघडंबोडकं वाटलं ते म्हटल्यावर! पुढे काहीतरी जोडावं, राग मानू नका, पुढच्या वर्षी बघू, असं मला फार वाटलं. पण मी काही जोडलं नाही. ताईंचा चेहरा आधी पडला. मग हळूहळू सावरला.

“हे एवढं आधीच त्या बाईंना म्हटलं असतंस,” त्या म्हणाल्या, “तर मला भर उन्हात पाणघोडा घेऊन फिरावं लागलं नसतं.” आणि उठताना माझ्या गालावर चापट मारली, जराशी जोरातच.

नवरा आला तेव्हा मी शेपटीवालं बदक रंगवत होते. काखेत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, केसांत खडू. तो दाराशी स्टुलावर बसून बूट काढायला लागला. मी ब्रश न थांबवताच सांगितलं, ताई आल्या होत्या, मी नोकरीला नाही म्हटलं.

“ताईला? तोंडावर?”

“तोंडावर.”

मी मान वळवली. एक बूट हातात धरून तो तसाच बसला होता आणि त्याचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला होता.

“मला वाटलं तू जाशील,” तो म्हणाला. “रोज शाळेतून येताना वाटायचं, आज घरी गेलो की खिडकीपाशी ते टेबल नसेल. मला नको होतं ते.”

“मग बोलला का नाहीस?” माझा पारा चढला. “इतके दिवस ‘तू ठरव, तू ठरव’! मला वाटलं तू कंटाळलायस. घर ओढून, माझी समजूत घालून. एक शब्द बोलला असतास तर?”

“तर तू मलाही हो म्हणाली असतीस,” तो म्हणाला. “तू सगळ्यांनाच म्हणतेस. मग मला कधी कळलंच नसतं, तुला काय हवं होतं ते.”

मी ब्रश पाण्यात ठेवला. मला रडू आलं, अगदी भोकाड पसरून यावं तसं, आणि ते मी लपवलं नाही. तो एका पायात बूट तसाच ठेवून लंगडत माझ्यापाशी आला, बदकांना धक्का लागणार नाही अशा बेतानं टेबलाच्या कडेला टेकला आणि मी शांत होईपर्यंत तिथंच राहिला.